दूध संघाच्या नव्या मोटारीतून पुणतांब्याला

नगर जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की आमच्या राजापूरकडची माणसं आधी विचारतात, "प्यायला पाणी तरी मिळालं का?" मिळालं. थंडी मिळाली, बाजरीची भाकरी मिळाली, पेरू तर टोपलीभर मिळाले. नीट मिळाला नाही तो एवढा ब्रेक. त्याचीच हकीकत सांगायची आहे. तिकडे जायचा विचार असेल त्यांनी ती वाचून मगच वाहन ठरवावं.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. त्याच्या आदल्या दिवाळीत आमच्या शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी माझ्या थोरल्या बहिणीकडे, सुमाताईकडे, भिंगारला गेलो होतो. आमचे वडील तिथल्या लष्करी छावणीत कारकून होते, म्हणून ताईचं लग्न तिकडेच झालं. वडील पुढे राजापूरला परतले, ताई मात्र भिंगारची झाली.

भिंगार

भिंगारला पहाट बिगुलानं होते. रस्त्याच्या एका अंगाला लष्कराची चुन्यानं रंगवलेली दगडांची रांग, त्यातला एकही दगड इंचभर इकडेतिकडे नाही. दुसऱ्या अंगाला जुना बाजार, तिथे एकही गोष्ट रांगेत नाही. मधून रस्ता. हा रस्ता सरळ जातो याचंच मला पहिले दोन दिवस नवल वाटत होतं. आमच्याकडे रस्ता जरा वेळ सरळ गेला तर आपण चुकलो की काय अशी शंका येते.

माझे भावोजी, म्हणजे भाऊसाहेब, आसपासच्या खेड्यांच्या दूध संघाचे चेअरमन. मी पोचलो तेव्हा त्यांच्या अंगणात संघाची नवी कोरी निळी मोटार उभी होती. हार वाळून गेला होता, पण काढला नव्हता. सीटवरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. ते काढायचं नाही, असं भावोजींनी मला पहिल्याच चहाला सांगितलं.

या मोटारीवरून संघात उभी फूट पडली होती. व्हाइस-चेअरमन तात्या हे अंगानं किरकोळ, आवाजानं दणकट गृहस्थ. त्यांचं म्हणणं, संघाला दूध वाहायला टेम्पो पाहिजे होता. भावोजींचं म्हणणं, दूध कुठूनही जाईल, चेअरमननं कशातून जायचं? मोटार आली. आता संघाच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि मतं मागायला तात्यांना काहीतरी हवं होतं.

ते त्यांना ब्रेकच्या पेडलात सापडलं.

श्रीरामपूरकडच्या एका दूध संस्थेची पाहणी आणि पुढे पुणतांब्याला गोदावरीवर गाडीची पूजा, असा दौरा ठरला होता. गाडीत एक जागा मोकळी होती म्हणून मला घेतलं. ताईला जेवणाच्या डब्यांसाठी घेतलं. सर्जा ड्रायव्हरनं गाडी फाटकापर्यंत आणली, ब्रेक दाबला, आणि गाडी फाटकाच्या हातभर पुढे जाऊन थांबली.

"पेडल मऊ हाय," तात्या म्हणाले.

"नवीन हाय," भावोजी म्हणाले. "पाय बसाया येळ लागतो."

"पाय बसंल हो. गाडी थांबंल का?"

"सर्जा, तू सांग."

सर्जा हा मोठा मुत्सद्दी माणूस. तो भावोजींकडे बघून म्हणाला, "नवीनच हाय, साहेब." मग तात्यांकडे बघून म्हणाला, "पर जरा खाली जातंय, ह्ये बी खरं."

तेवढ्यावर दोन्ही पक्ष आपण जिंकलो असं समजून गाडीत बसले.

विळद घाट

नगर सोडून मनमाड रस्त्याला लागलं की विळदचा घाट लागतो. आमच्या फोंड्याच्या घाटाच्या मानानं तो म्हणजे अंगणाची पायरी. पण उतार तो उतारच. खाली दूरवर सपाट काळं रान पसरलेलं, मध्येच ज्वारीचे हिरवे तुकडे, आणि त्यावर सकाळचं इतकं मोठं आभाळ की आमच्याकडे तेवढं बघायला समुद्रावर जावं लागतं. मी बघत होतो, तोच पुढून आवाज आला.

"येक."

तात्या सर्जाशेजारी बसले होते आणि त्याच्या पायाकडे बघत होते. सर्जानं पेडल पुन्हा दाबलं.

"दोन."

गाडी उतरतच होती. समोर उसाच्या बैलगाड्या.

"तीन! बगा, तिसऱ्यांदा दाबल्याव धरला."

भावोजी मागच्या सीटवरून मोठ्यानं बोलायला लागले, "मास्तर, म्हशीच्या दुधाची फॅट किती आस्ती म्हायतीय का?" मला माहीत नव्हतं आणि त्या घटकेला जाणून घ्यायचीही इच्छा नव्हती. पण पुढचं प्रत्येक वळण असं गेलं: तात्या पेडल मोजत होते, आणि तो आकडा माझ्या कानावर येऊ नये म्हणून भावोजी मला दुग्धव्यवसाय शिकवत होते. ताई दोन्ही हातांनी समोरच्या सीटची कड धरून बसली होती. प्लॅस्टिकवर आम्ही सगळेच प्रत्येक दाबाला पुढे घसरत होतो.

आमच्याकडे फणसाच्या एका फांदीवरून माणसं दोन पिढ्या कोर्टात जातात, हे मी कबूल करतो. पण तो फणस अंगावर पडत असताना आम्ही निदान बाजूला होतो.

राहुरी

राहुरीला चहा घ्यायचा ठरला. भावोजींनी हॉटेल दाखवलं. गाडी हॉटेलावरून गेली, पानाच्या ठेल्यावरून गेली आणि एका शिंप्याच्या दुकानापुढे थांबली.

"हॉटेल मागं ऱ्हायलं," तात्या आनंदानं म्हणाले.

"मला हितंच उतरायचं हुतं," भावोजी म्हणाले.

म्हणाले आणि अडकले. शिंपी तर कापड बाजूला सारून उभाच राहिला. भावोजी आत गेले. तात्या दारात उभे राहून बघत राहिले, म्हणून भावोजींना दोन नेहरू शर्टांची मापं द्यावी लागली. शिंप्यानं गळ्याचं माप घेतलं तेव्हा ते जरा कळवळले, एवढंच.

तोपर्यंत ताईनं गाडीच्या सावलीत डबा उघडला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. बाजरीची भाकरी आमच्या तांदळाच्या भाकरीसारखी नाजूक नसते. ती मोडताना आवाज होतो आणि खाल्ल्यावर पोटात आपण कुणीतरी आहोत अशी भावना येते. मी तिसरी भाकरी घेतली तेव्हा ताई हळूच म्हणाली, "बाळ, मला भीती वाटतेय रे. घाटात माझं लक्ष त्या पेडलावरच होतं."

"भावोजींना सांग ना."

"सांगितलं सकाळी निघतानाच. म्हणाले, तात्यानं तुला पण फितवलं का?"

श्रीरामपूर

श्रीरामपूरच्या वाटेवर सगळं रूपच पालटतं. कालव्याचं पाणी, दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, आणि गुऱ्हाळाचा गोड करपट वास. माणसं घाईत असतात आणि घाईतही थांबून बोलतात. शहर व्यापाऱ्यांचं. कापसाच्या गाठी, साखरेची पोती, मधूनच चर्चची घंटा. माझ्या शेजारून दोन बायका मराठीतून येशूचं गाणं गुणगुणत भाजी घ्यायला चालल्या होत्या, आणि चाल थेट आपल्या जात्यावरच्या ओवीची होती. मला फार बरं वाटलं.

दूध संस्थेची पाहणी झाली. आम्ही दूध पाहिलं. ते पांढरं होतं. तिथल्या चेअरमननं आमच्या चेअरमनना हार घातला, आमच्यांनी त्यांना घातला, आणि अभ्यास संपला.

तिथून निघताना सर्जानं गाडी स्टेशनाजवळच्या एका गॅरेजपुढे नेली. इंजिनात पाणी घालायचंय, असं तो म्हणाला. गॅरेजचा मालक योसेफ हा बोलका माणूस. पाणी घालता घालता त्यानं आमची गावं, नाती आणि जेवणं विचारून घेतली. मग मागच्या चाकाशी बसला, आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि वास घेतला.

"साहेब, ब्रेकचं तेल गळतंय चाकात. चाक खोलावं लागंल. तुमी चहा घ्या, जेवन करा, तवर करून देतो."

मला हायसं वाटलं. ताईनं तर डोळेच मिटून घेतले.

"हात लावू नगा," भावोजी म्हणाले. "नवी गाडी हाय. येकदा खोलली की जुनी झाली."

हे मला अपेक्षित होतं. आता तात्या उसळतील आणि चाक खोललं जाईल, अशी मला खात्री होती. तात्या पुढे झाले. त्यांनी चाकाकडे पाहिलं, योसेफकडे पाहिलं, आणि म्हणाले, "भाऊसाब म्हनत्यात त्येच बराबर हाय. आजिबात खोलू नगा."

भावोजी चमकून बघायला लागले.

"आज दुरुस्त केली," तात्या म्हणाले, "तर सभेत मी काय दावू? हाय तशीच ऱ्हाऊ द्या. समद्या सभासदांनी येऊन दाबून बघावं."

संघाच्या इतिहासात चेअरमन आणि व्हाइस-चेअरमन यांचं एखाद्या प्रश्नावर एकमत झाल्याचं हे पहिलंच उदाहरण, असं मला नंतर कळलं. एकाला गाडी चांगली आहे हे दाखवायचं होतं, दुसऱ्याला वाईट आहे हे दाखवायचं होतं, आणि दोघांनाही ती दुरुस्त व्हायला नको होती.

"अहो, घ्या ना करून," ताई म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

योसेफ हात पुसत माझ्याकडे वळला. "पाव्हणं, तुमी तरी सांगा."

मी सांगितलं की मला वाटतं चाक खोलावं. त्यावर भावोजी म्हणाले की मी चित्रकलेचा मास्तर आहे, आणि तात्या म्हणाले की मी चेअरमनचा मेव्हणा आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आम्ही गाडीत बसलो. माणसं पोटतिडकीनं भांडत असली की मध्येच उतरणं उद्धटपणाचं वाटतं, आणि या एका भिडेपायी जगात किती हाडं मोडली असतील कोण जाणे.

पुणतांब्याच्या अलीकडे

पुणतांबं दिसायच्या आधी रेल्वेचं फाटक लागतं. आम्ही बऱ्यापैकी वेगात होतो. तात्या आणि भावोजी श्रीरामपुरातल्या एकमतावर खूश होऊन, गाडी सभेपुढे कधी आणायची याची चर्चा करत होते. पुढे फाटक बंद दिसलं. पलीकडून मालगाडीची शिट्टी आली. फाटकापाशी दोन बैलगाड्या, एक सायकलवाला आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई उभी होती.

सर्जानं पेडल दाबलं. मला त्याचा गुडघा दिसत होता. तो खाली गेला आणि तिथेच राहिला. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. या खेपेला तात्यांनी मोजलं नाही.

"सर्जा!" भावोजी ओरडले. "थांबीव!"

"कशानं थांबवू?" सर्जा ओरडला. दिवसभरात त्यानं एकच बाजू घेऊन केलेलं हे पहिलं विधान.

त्यानं गिअर खाली टाकला, गाडी किंचाळली. हातब्रेक ओढला. पाटीवाली बाई मागे वळून बघत होती, तिचं तोंड उघडं राहिलेलं मला अजून दिसतं. मग सर्जानं चाक डावीकडे फिरवलं आणि आम्ही रस्ता सोडून उसात शिरलो.

उसात मोटारीनं कधी शिरला नसाल तर सांगतो. आधी पाट लागतो, तेव्हा डोकं छताला लागतं. मग एकदम अंधार होतो आणि हजार काठ्या एकाच वेळी मोडल्याचा आवाज येतो. पानं खिडकीतून आत येतात आणि तोंडावर चरचर ओढली जातात. मग गाडी जड होत जाते, जड होत जाते, आणि थांबते. त्या दिवसातला तो सर्वांत उत्तम ब्रेक होता.

पलीकडून मालगाडी खडखडत गेली. ताईच्या कपाळावर आणि हातावर उसाच्या पानांनी रक्ताच्या बारीक रेघा उठल्या होत्या. मी तिचा हात धरला तर तो थंडगार.

आम्ही उतरलो. भावोजींची टोपी गेली होती, तात्यांचा चष्मा एका कानावर लोंबत होता. उसाचा मालक पांदीतून धावत आला. कुणी मेलं नाही हे त्यानं आधी नीट पाहून घेतलं आणि मग म्हणाला, "जित्ती हायसा, लई बरं झालं. आता आलासा त्याच वाटंनं भायेर निगा. नवी वाट पाडू नगा."

तेवढ्यात भावोजींना वाचा फुटली. "ह्या सर्जाची चूक हाय. येळेवर दाबला आसता तर!"

तात्यांनी चष्मा सरळ केला. गाडी उसात गेल्याचं सभेला कळलं तर तीत आपणही बसलो होतो हे कळेल, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "खरंय," ते म्हणाले. "ड्रायव्हरच नवशिका. ह्याला काढला पायजे."

दुसरं एकमत.

सर्जा गाडीला टेकून उभा होता. "साहेब, माझी पोरं हायती," एवढंच तो म्हणाला.

"अहो, पेडल तर सगळ्यांनी—" मी सुरू केलं.

"पाव्हणं, तुमी मधी पडू नगा," दोघं म्हणाले.

मग ताई पुढे झाली. तिनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, वाकून आत हात घातला आणि ब्रेकचं पेडल तळहातानं दाबलं. भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं ते खाली गेलं. तिनं हात काढला, पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

"माझ्या हातानं जातंय," ती म्हणाली. "सर्जाची चूक ना? मग आता सर्जाला राहू दे. गाडी रस्त्यावर काढू. तुम्ही चालवा, शेजारी तात्या बसतील. फाटकापर्यंत जाऊन या. दुसऱ्या गाडीसाठी फाटक अजून बंदच आहे."

कुणी हललं नाही. उसाचा मालक मात्र दोघांकडे मोठ्या उत्सुकतेनं बघत राहिला.

तात्यांनी घसा साफ केला. "वैनी, मी तर सकाळधरनं म्हनत हुतो—"

"म्हणत होता ना? मग श्रीरामपुरात चाक का खोलू दिलं नाहीत?"

"आवं, पुरावा—"

"तुमच्या पुराव्यात मी बसले होते, तात्या."

भावोजी खाली बघत टोपी शोधायला लागले. ती सापडली, पण त्यांनी घातली नाही. हातातच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सर्जा, जा बाबा. येखादा ट्रक बग. त्या योसेफला घिऊन ये."

गोदावरीवर

योसेफ येईपर्यंत ताई आणि मी चालत पुणतांब्यात गेलो. गोदावरी तिथे रुंद आणि संथ आहे. दगडी घाट, पाण्यात सावल्या, पलीकडे वाळू. आमच्या नद्या डोंगरातून उतरून समुद्राकडे पळत सुटतात, ही नदी मात्र बसून बोलायला आल्यासारखी. ताईनं तोंडावरचं रक्त धुतलं. घाटावर पेरू विकत बसलेल्या आजीनं, उसात गेलेली माणसं तुम्हीच का, असं विचारलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. आजीनं ताईच्या पदरात चार पेरू जास्तीचे टाकले.

"घाबरले होते रे," ताई म्हणाली. "सबंध दिवस. आणि ते दोघंही घाबरले होते, हे मला आत्ता कळलं." मग तिनं पेरू फोडला आणि अर्धा मला दिला. आतून तो गुलाबी होता.

परत आलो तेव्हा बैलांनी गाडी उसातून बाहेर ओढली होती आणि चाक निघालेलं होतं. आतलं रबर नीट बसलेलं नव्हतं, एवढीच भानगड. योसेफनं ते बदलून नवं तेल भरलं. पण आता नळ्यांत शिरलेली हवा काढायची, म्हणजे एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि एकानं बाहेरून त्याला सांगायचं. योसेफ चाकाखाली आडवा. सर्जा त्या पेडलाला पुन्हा पाय लावायला तयार नव्हता. म्हणून भावोजी पेडलावर बसले आणि तात्या चाकाशी उकिडवे.

"दाबा," तात्या म्हणाले.

भावोजींनी दाबलं.

"धरा. धरा म्हन्तो ना! आता सोडा."

भावोजींनी सोडलं.

"पुन्यांदा दाबा."

तात्यांच्या चेहऱ्यावर इतकं निखळ सुख मी कधीच पाहिलं नाही. चेअरमनला हुकूम द्यायचा आणि चेअरमननं तो विनातक्रार पाळायचा, यासाठी ते कित्येक निवडणुका लढले होते. योसेफ "झालं आता" म्हणाला, तरी त्यांनी आणखी तीन-चारदा दाबायला लावलं. भावोजींनीही दाबलं. शेवटी ते आतून म्हणाले, "तात्या, आता घट लागतंय."

"व्हय?" तात्यांनी आत डोकावून स्वतःच्या हातानं दाबून पाहिलं. "व्हय. घट हाय."

हे तिसरं एकमत. या खेपेला त्यात कुणाचा बळी गेला नाही. उसाच्या नुकसानीचं बोलणं मालकाच्या वस्तीवर गुळाच्या चहावर झालं. सर्जाला कुणी काढलं नाही. पुढच्या निवडणुकीत भावोजीच निवडून आले, आणि पेडलाचा विषय सभेत निघाला नाही. कारण तो काढणाऱ्याला उसाची गोष्ट सांगावी लागली असती.

निघायची वेळ झाली. गाडीच्या पूजेची आठवण कुणी काढली नाही. भावोजींनी स्वतः दार उघडलं. "बस, सुमन. आता झालीय दुरुस्त."

"गाडी झालीय," ताई म्हणाली आणि डबे घेऊन एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. मी तिच्या मागे.

लाल एसटी आली ती आधीच भरलेली. बाकाला गादी नाही, खिडकीला काच नाही, पायांत कोंबड्यांची टोपली. ताईला दाराशी कशीबशी जागा मिळाली, मी दांडा धरून उभा. गाव सुटलं. दोन्ही बाजूंचा ऊस मागे पळायला लागला. वळणावर एक शेळी रस्त्यात आली आणि ड्रायव्हरनं असा करकचून ब्रेक मारला की अख्खी गाडी एकमेकांच्या अंगावर कोसळली. कोंबड्या कलकलल्या, कंडक्टर कुणाच्या तरी मांडीवर बसला, मागून कुणीतरी ड्रायव्हरच्या आईबापांची चौकशी केली. ताईचं कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलं.

"लागलं का गं?" मी विचारलं.

तिनं कपाळ चोळत मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा ती हसत होती.

"थांबली रे," ती म्हणाली. "बाळ, कशी थांबली बघ!"